वॉर्निश सुकल्यावर केलेली वाटणी

मी, मिलाडा ह्रुबेशोव्हा, वय वर्षे एकाहत्तर, कै. एव्जेन ह्रुबेश यांची पत्नी, पूर्वी नाताळच्या झाडाच्या काचगोळ्या रंगवण्याच्या कामावर, हल्ली घरीच, राहणार याब्लोनेत्स, टेकडीवरच्या दुमजली घराचा खालचा मजला, हे मृत्युपत्र एव्जेनच्या टाइपरायटरवर स्वतःच्या बोटांनी टाइप करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरत नाही. शंका असेल त्याने खालची सही बघावी. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही, आणि समोर चहाशिवाय दुसरं काहीही प्यायला नाही.

१. यापूर्वी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लिहिलं होतं, पोटातल्या गाठीच्या धास्तीने आणि माझी थोरली बहीण यार्मिला हिच्यावरच्या रागाने. ती वरच्या मजल्यावर राहते, एकटीच. आईवडिलांनी मजले आम्हा दोघींना वाटून दिले, पण जिना, तळघर आणि बाग खालच्या मजल्याच्या नावावर, म्हणजे माझ्या. त्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझ्यामागे खालचा मजला परक्याला विकावा आणि जिन्याला कुलूप घालायचं की नाही ते नव्या मालकाने ठरवावं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने मग खिडकीतून उतरावं, नाहीतर घर सोडावं. तो कागद आता शेगडीत गेला आहे. छान जळला. का जाळला ते सहाव्या कलमात येईल, आणि घराचा निकाल सातव्यात. आधी बारीकसारीक उरकून घेते.

२. बँकेत जे काही असेल ते माझा मुलगा राडिम याला. किती आहे ते बँक सांगेल. त्याने त्यातून ओस्त्रावाच्या घरात नीट खिडक्या बसवून घ्याव्यात. दरवेळी फोनवर शिंकतो आणि म्हणतो, "आई, मला काही झालेलं नाही."

३. काचगोळ्यांची पेटीही राडिमलाच. त्यातली निळी गोळी सदोष आहे, कारखान्याने ती मोडीत काढली होती आणि मी ती जेवणाच्या डब्यातून घरी आणली. आता मला कोणी कामावरून काढू शकत नाही, म्हणून लिहिते.

४. शेजारचे श्री. वोंद्रा यांनी माझी शिडी चेरी उतरवायला म्हणून नेली आणि ती त्यांच्या चेरीलाच टेकून राहिली. ती त्यांना देऊन टाकायचं माझ्या मनात होतं. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून कवडीही मिळत नाही. वकीलबाईंनी हे दोनदा बजावलं आहे. तेव्हा वोंद्रासाहेब, सहीला याल तेव्हा शिडी घेऊन या.

५. माझे ब्रश, भिंगाचा दिवा आणि रंगांच्या बाटल्या खानावळीच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी पटावर सोंगट्यांचे खेळ खेळणाऱ्या मंडळींना. एव्जेन बस चालवायचा बंद झाला तसा त्यांच्यात जाऊन बसायला लागला, आणि त्याच्या मागोमाग मीही. त्यांना माझ्या सूचना अशा. मऊ प्लास्टिकची सोंगटी रंगवण्याआधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देत नाही. खेळाच्या डब्यात दबून वाकलेली सोंगटीची तलवार गरम पाण्यात धरली की मऊ पडते. तशीच सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवावी. रंगाचे हात पातळ द्यावेत. जाड रंगाने चेहरा बुजतो आणि शूर योद्धा गालगुंड झाल्यासारखा दिसतो. ब्रशचं टोक जिभेने करू नये. मी जन्मभर केलं, पण माझं सोडा. आणि वॉर्निश पाण्यात कालवता येईल असंच घ्यावं, आणि ब्रशनेच लावावं. स्प्रेचा डबा घेऊन येणाऱ्याला त्या दिवशी बिअर देऊ नये.

६. आता सोंगट्या.

एव्जेनने एका मोठ्या खेळाच्या सगळ्या सोंगट्या रंगवल्या होत्या. बोटाएवढे योद्धे, राक्षस, मुठीएवढा एक ड्रॅगन, आणि जडीबुटीवाली एक म्हातारी, जिच्या डोक्याला त्याने माझा निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा रुमाल बांधला. रंगवून, म्हणजे. ठिपके देताना श्वास रोखून धरायचा. मी म्हणायचे, "अरे, श्वास घे, नाहीतर तिच्याआधी तूच जाशील." शेवटी फक्त वॉर्निश राहिलं आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

यार्मिला जन्मभर मोटारींच्या रंगशाळेत. पत्र्यावर वॉर्निश मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने मनाशी ठरवलं की मेहुणा घरी येईल तेव्हा सगळं तयार हवं. मला न विचारता सोंगट्या लाकडांच्या खोपटात नेल्या, मोटारीच्या वॉर्निशचा स्प्रे काढला आणि पत्र्यावर मारतात तसे भरघोस हात मारले. पत्र्यावर ते संध्याकाळपर्यंत खडखडीत झालं असतं. मऊ प्लास्टिक ते वॉर्निश सुकूच देत नाही. आठवडा गेला, महिना गेला, सोंगट्या चिकटच. आमची मांजर मिंका त्यांच्यावरून एकदा चालत गेली आणि ड्रॅगनला केस उगवले.

एव्जेन घरी आला, ड्रॅगन उचलला आणि तो त्याच्या बोटांना चिकटला. मला रडू फुटलं. तो हसला. म्हणाला, "यार्मिला, मोटार असती ना, तर सगळं गाव बघायला आलं असतं!" तिला लागेल असं काही बोलला नाही. मीच बोलले, आणि पुष्कळ बोलले. त्या वसंतात तो गेला. त्या सोंगट्यांनी तो एकही डाव खेळला नाही. म्हातारीला हात लावला की माझं बोट रुमालाला चिकटायचं आणि ठिपके उचलून येतील या भीतीने मी ते हळूहळू सोडवायचे. मग मी सोंगट्यांची पेटी बंद केली आणि यार्मिलाशी बोलणंही. जिन्यात भेटलो तर मी मांजराशी बोलायचे.

वरून सारखा वॉर्निशचा वास यायचा, हेही इथे नोंदवून ठेवते. तीन हिवाळे. मी छताला झाडूच्या दांड्याने ठोकायचे. वाटायचं, या बाईला लाज कशी नाही, अजून तेच करते आहे.

ऑपरेशनला जाताना मांजरासाठी किल्ली कोणाला तरी द्यायची होती. राडिम लांब, वोंद्रांना मांजराने शिंका येतात. किल्ली पायरीवर ठेवली आणि मिंकाला म्हटलं, "वरच्या बाईला सांग." गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्रुबेशोव्हाबाई, घरी जा आणि मला विसरून जा." देवा रे, किती मोकळं वाटलं! बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला मी माझा खसखशीचा केक अर्धा मोडून दिला.

घरी येऊन पाहते तर पेटी उघडी, सोंगट्या गायब. अंगाचा तिळपापड झाला. टाके विसरून जिना चढले आणि तिचं दार बडवलं.

"काय केलंस पुन्हा?"

"आधी ओरडणं थांबव, टाके उसवतील," यार्मिला म्हणाली. "आत ये. पायपुसण्याला पाय पूस."

तिच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर सगळ्या ओळीने उभ्या. ड्रॅगनचे केस गेलेले. खिडकीत दुसऱ्याच कुठल्यातरी सोंगट्यांचा ढीग, फुगलेल्या, पांढऱ्या पडलेल्या, हातपाय विरघळलेल्या.

"त्या कोणाच्या?"

"माझ्या. जुन्या बाजारातून आणल्या. त्याच स्प्रेने तशाच बिघडवल्या, आणि मग बसले एकेक उपाय करत. थिनरने त्यांची खीर झाली. पिठाने केक झाला. तू खालून ठोकायचीस, मी वर शिव्या द्यायचे."

"मग?"

"मग काय, साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासून केस-धूळ काढायची. नीट वाळू द्यायचं. आणि वरून पाण्यातलं वॉर्निश ब्रशने, पातळ, एक हात, मग दुसरा. चिकटपणा खाली बंद होतो. माझ्यावाल्यांवर दोन हिवाळे धरलंय. त्याआधी एव्जेनच्यांना हात लावायची माझी छाती झाली नाही."

"विचारायचंस तरी."

"कोणाला? मांजराला?"

मी म्हातारी उचलली. रुमालावर बोट ठेवलं. दाबलं. उचललं. बोट सुटलं, कोरडं. ठिपके सगळे जागच्या जागी. मी तिथेच खुर्चीत बसले आणि लहान पोरीसारखी रडले, आणि यार्मिला म्हणाली, "वॉर्निशवर पाणी पाडू नकोस." त्या संध्याकाळी मी जुनं मृत्युपत्र जाळलं. मी तिची माफी मागितलेली नाही, तिनेही माझी मागितलेली नाही, आणि दोघींचं चांगलं चाललं आहे.

सबब, सदर सर्व सोंगट्या, पटासह, माझ्यामागे माझी बहीण यार्मिला हिला मिळाव्यात. अट एकच, त्या कपाटात ठेवायच्या नाहीत. गुरुवारी न्यायच्या आणि खेळायच्या. रंग उडाला तर उडाला.

७. खालचा मजला राडिमला. परंतु यार्मिला हयात असेतो जिना, तळघर आणि बाग यांचा पूर्ण वापर तिचा राहील. कोणत्याही दाराला तिला नको असलेलं कुलूप लागणार नाही, आणि ती हयात असेपर्यंत राडिमने मजला विकू नये. विकलास तर मी वरून झाडूने ठोकीन, बाळा.

८. मिंका कुठे राहील ते मिंका ठरवील. झोपते आत्ताही वरच.

इतकं टाइप होतंय तोच यार्मिला सूपचं भांडं घेऊन खाली आली. तिला हा कागद मी दाखवलेला नाही, कसला आहे तेवढं सांगितलं. पुढचं जसं घडलं तसंच टाइप करते, म्हणजे उद्या कोणी वाद घालायला नको.

"मृत्युपत्र का?" तिने विचारलं. "बरी झालीस ना आता?"

"म्हणूनच. धास्तीत लिहिलं की वंगाळ लिहिलं जातं."

"साक्षीदार कोण?"

"वोंद्रा आणि औषधांच्या दुकानातल्या हेलेनाबाई."

"शिडीचोर चालतो आणि सख्खी बहीण चालत नाही?" तिने तावातावाने बाह्या वर सारल्या. "आण इकडे, मी करते सही."

"तुला नाही करता येणार, ताई."

तिचा चेहरा उतरला. भांडं शेगडीवर ठेवलं आणि पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाली, "म्हणजे अजून राग आहे तुझा. ठीक आहे. असू दे."

"अगं वेडे," मी म्हटलं, "साक्षीदाराला काही मिळत नाही."

ती बराच वेळ सूप ढवळत राहिली. ते अजून गरमही झालं नव्हतं.

"मी मोठी आहे," शेवटी म्हणाली. "आधी मीच जाणार."

"मग तोवर गुरुवारी येत जा. ड्रॅगन तू घे. वोंद्रांना हाक मार आता, आणि शिडीचं विसरू नकोस."

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणेच आहे, आणि तो लिहून मला हलकं वाटतं आहे. खालील दोघांच्या समक्ष सही करते.

स्थळ: याब्लोनेत्स, माझं स्वयंपाकघर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

सही: मिलाडा ह्रुबेशोव्हा

साक्षीदार:
१. बोहुस्लाव वोंद्रा, शेजारी (शिडी आणली आहे. बो. वों.)
२. हेलेना श्पिंडलेरोव्हा, औषधांचे दुकान

यार्मिला स्लाविकोव्हा, सख्खी बहीण, सहीच्या वेळी हजर होती. तिची सही घेतली नाही, कारण ती वारस आहे.