पूजेतला जॅक

२५ सप्टेंबर २०२५, गुरुवार

चासीच कुजली आहे! जीपची बॉडी उतरवली तेव्हा वाटलं होतं, खालच्या सांगाड्याला वरवरचा गंज असेल. आज डाव्या दांड्यावर हातोडी मारली, ती आरपार गेली. मधला तुकडा कापून नवा घालावा लागणार. विनया म्हणाली, "अहो, अंगणात भंगाराचं दुकान मांडलंच आहे, आता पाटीही लावा." बायको माझी, पण बाजू नेहमी अंगणाची!

विश्वकर्मा गॅरेजमधला वेल्डर नीरज बघून गेला. "साहब, जोड़ मैं लगा दूँ?" म्हणे. सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांना जोड मारण्यात गेली माझी, आणि माझी जीप दुसरा जोडणार? चहा पाजून वाटेला लावला.

२७ सप्टेंबर, शनिवार

उजवा हात थरथरतो. उन्हाळ्यापासून. कप डाव्या हातात धरतो, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. विनयाला कळलं तर वेल्डिंग मशीन दुसऱ्या दिवशी घराबाहेर. मग मी करू काय? पेपर वाचत बसू? भीती वाटते, खरंच.

३० सप्टेंबर, मंगळवार

तुकडा कापला, नवा बसवला. मध्ये खालून जॅक लावून चासी सरळ धरली आहे. सध्या नुसते टाके मारलेत, पूर्ण जोड नंतर. हात मध्येच उडत होता! तोंडावर वेल्डिंगची काच होती, म्हणून निदान चेहरा कुणाला दिसला नाही. टाके दिसायला ठीक आहेत. उद्या खंडेनवमी — हत्यारांना सुट्टी. बरंच झालं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सत्यानाश! आंघोळ करून अंगणात येतो तर चासी मधोमध खचलेली, टाके तुटलेले. आणि जॅक कुठे? पाटावर! पान्यांच्या शेजारी, हळदीकुंकू लावून, वर झेंडूचं फूल! "तेही हत्यारच ना," विनया म्हणाली. मी असा ओरडलो की शेजारचे गच्चीत आले. काय काय बोललो ते इथे लिहवत नाही. ती नैवेद्याचं ताट झाकून आत गेली.

२ ऑक्टोबर, दसरा

शमिकाचा पुण्याहून फोन. लेक आईलाच बोलली — "तू पण ना आई! मतलब, जॅक कोण पूजेला ठेवतं?" विनया नुसती हसली. संध्याकाळी नीरज आला. "भाभीजी ने तो गाड़ी ही बिठा दी!" तो हसला. मीही हसलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तुटलेले टाके आज उन्हात नीट पाहिले. लोखंड एकजीव झालंच नव्हतं. नुसतं वरवर चिकटलेलं. टाके चांगले असते तर जॅक काढूनही चासी एवढी खचली नसती. विनयाचा दोष नाही. माझ्या हाताचा आहे.

ग्राइंडर घेतला आणि सगळं घासून टाकलं. कुणाला दिसायला नको. लाज वाटत होती, तरी घासलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

बोललो नाही. जेवताना अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "पुढच्या वर्षी जॅकला हात लावणार नाही बाई." अर्धी पोळी तशीच ठेवून उठलो.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. टाके, हात, ग्राइंडर — एका दमात सगळं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हत्यारं गोळा करायला गेले तेव्हा चासी आधीच खचली होती. जॅक आडवा पडला होता, मी फक्त उचलून पाटावर ठेवला. तुमच्या हाताचं मला जूनपासून माहीत आहे. म्हटलं, सणाच्या दिवशी दोष तुमच्या हातावर येण्यापेक्षा माझ्यावर आलेला बरा."