पाठीमागची जागा

४ नोव्हेंबर
आज स्टुडिओत रुजू झाले. कॅमेरा पाहून जीव हरखला! माझ्या छातीएवढी लाकडी पेटी, पुढे भिंग, मधे घड्याघड्यांचा कातडी भाता, मागे घासलेली काच. काळं कापड डोक्यावर घेतलं की काचेवर जग उलटं उतरतं. मोठमोठे साहेबही डोकं खाली, पाय वर! याहून न्यायी यंत्र मी पाहिलेलं नाही.

एकच खटकलं. कॅमेरा मागच्या भिंतीला इतका खेटून ठेवलाय, की वाकलं तरी पाठ घासते. आधीचे फोटोग्राफर तीस वर्षं तसेच उभे राहिले. चुन्यावर त्यांच्या खांद्यांचे डाग आहेत. मालक म्हणाले, बाई, इथली रीत आहे, कारण विचारू नका. कारण न सांगणारी रीत मी आजवर एकही पाळलेली नाही. कॅमेरा ओढून खोलीच्या मध्यावर आणला.

७ नोव्हेंबर
एका कुटुंबाचा फोटो. काचेवर सहाही जण उलटे, ठाकठीक. कोपऱ्यात सातवा. पुसट, आणि सुलटा. कापडाबाहेर डोकावले, तर समोर सहाच. मालकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, क्रांती खुशाल करा, पण पाठ भिंतीला लावून करा. मी हसले.

१० नोव्हेंबर
तो रोज मोठा दिसतोय. फोटोच्या प्लेटवर मात्र उमटत नाही. आज डोक्यात प्रकाश पडला. भिंगातून येतं ते सगळं उलटं. सुलटं दिसतं ते काचेतलं प्रतिबिंब. म्हणजे तो समोर नाहीच. माझ्या मागे आहे.
कापडाच्या आत.

११ नोव्हेंबर
मालक कॅमेरा भिंतीकडे ओढू लागले. मी तिपाई सोडली नाही. उद्या धाकटी बहीण माझ्या हाताखाली शिकायला येतेय. तिला काय शिकवू? भिंतीला चिकटून जगायला? छे! ती यायच्या आत याचा निकाल लावीन.

१२ नोव्हेंबर, सकाळ
कापडाखाली उभी राहून लिहितेय. काचेत त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर —
मानेला गार लागतंय. भीती वाटते. हो, वाटते! पण हलणार नाही —
दार वाजलं. धाकटी. लवकर आली. हसत विचारतेय, ताई, कापडाखाली चार पाय कसे गं —
बाहेर हो म्हणून ओरडले. काचेत त्याचं तोंड दाराकडे —
नाही. तिच्याकडे नाही. इकडे बघ, माझ्याकडे. ही बघ, मी वळले, समोरासमो