शंभरात किती परत

२६ सप्टेंबर १९७८, दोहा
पोचलो एकदाचा! मुशैरिब मोहल्ल्यामागच्या कामगार कॅम्पात पत्र्याची खोली, पण एसी झकास. बिघडला तर दुरुस्त करायला मी मेकॅनिक आहेच. खोलीत माझा आतेभाऊ महिपती, वेल्डर. त्यानंच मला इथं चिकटवलं. संध्याकाळी कोंबडी रांधली. तिखटानं डोळ्यांतून पाणी काढलं शहाण्यानं.

६ ऑक्टोबर
मुकादम फजलनं अल रुवैस बंदरात बोटीवरून चोरून उतरवलेलं जुगाराचं मशीन कोठीत दडवलंय. नाणं टाका, दांडा ओढा. प्रत्येक नाण्यातला थोडा वाटा मोठ्या बक्षिसात साठतो, त्याचा आकडा वर दिसतो. तीन घंटा जुळल्या की सगळं तुमचं. महिपतीचा पगार त्यातच चाललाय. म्हटलं, थांब गड्या, आधी हिशेब. मागचं झाकण उघडून चाकांवरची चित्रं मोजली. शंभर नाण्यांत पंच्याऐंशी परत, पाच बक्षिसात, दहा फजलच्या घशात. बक्षीस फुगेल तसा टक्का चढतो, पण शंभरावर जायला वर्षं लागतील. महिपती ऐकेल तर शपथ!

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारं पुजली. महिपतीनं मशीनलाही हळदकुंकू वाहिलं. पोटाला देतं ते हत्यारच, म्हणे. मशीनपुढं कोहळा कापताना त्याचा सुरा घसरला, बोटाचं पेर उडालं. रक्ताळल्या हातानंच दांडा ओढला आणि नाणी धो धो! मी मोजत बसलो. शंभराला एकशे तीस. चाकं तीच, चित्रं तीच. वरचा आकडाही आपोआप वाढला.

१३ ऑक्टोबर
ड्रायव्हर कमालनं मुद्दाम करंगळी कापून घेतली. पुन्हा एकशे तीस. मग शेजारच्या खोलीतल्या नंदू सुताराला सगळ्यांनी धरलं, पंजा तोडला — ओरडत होता बिचारा. शंभराला चारशे. मी त्याच्या मनगटाला फडकं आवळलं. तरी गणित मांडलंच, जळलं हे डोकं! फजलनं विचारलं, मोठं बक्षीस कशानं पडेल? बोलून गेलो, आख्ख्या माणसानं.

१४ ऑक्टोबर
कोणी जेवत नाही. एकमेकांच्या मानेकडं बघतात. महिपतीला म्हटलं, चल, पळू. नुसता हसला. त्यानंही मशीनला बोटं वाहिलीत; उजव्या हाताला आता तीनच.

१५ ऑक्टोबर
भर दुपार. खोलीत कोंडून घेतलंय, दाराला आतून पेटी लावलीय. फजल ओरडतोय, हिशेब ज्याचा, मान त्याची. महिपती गोड बोलतोय — आईची शपथ घेतो — तुझा वाटा मामीच्या हातात देईन —
गणित चुकलं म्हणून बोंबललो. खोटं. चुकलं नाही, हेच —
गॅसच्या ज्योतीनं दार कापतायत. पत्रा लाल — भोक पडलं — आत हात आलाय, तीन बोटं, कडीकडं —