दुसरी चिठ्ठी

परंडा,
ता. १२ नोव्हेंबर १९४४

चि. प्रेमास,
बाबांचे ख्रिस्तात अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इथं थंडी पडली आहे. डोळ्यांना आता ठळक तेवढंच दिसतं, म्हणून अक्षर मोठं काढतो. शाळेतून तिसरीच्या मुली चालीवर कविता म्हणू लागल्या की मी उगाच त्यांत एक आवाज शोधत बसतो. आपल्या लीलाचं शेवटचं कडवं पाठ व्हायचं राहूनच गेलं.

गेल्या रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सांगताना मी मध्येच थांबलो. घंटा वाजवणारा धोंडीबा मागून म्हणाला, "गुर्जी, फुडं 'तुझ्या इच्छेप्रमाणं' हाय. एवढं बी इसरलाव व्हय?" मंडळी हसली. विसरलो नव्हतो, पोरी. पटकीत लीला गेल्यापासून ते शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

लीला गेल्यावर धरलेली सोलापूरची बोर्डिंगातली नोकरी सोडून माझ्याकडं यावं की नाही, हे तू मलाच ठरवायला सांगतेस. "मागच्यासारख्या बायबलात चिठ्ठ्या ठेवा, बाबा. निघेल ती प्रभूची इच्छा."

मागच्या वर्षी याच नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा मी स्तोत्रांच्या पानांत दोन चिठ्ठ्या ठेवल्या. तू एक ओढलीस. 'राहा' निघालं. बांधलेली ट्रंक तू मुकाट्यानं उघडलीस. चार महिन्यांत साथ आली. तुझं लेकरू मातीआड करून आलो, तर तूच मला म्हणालीस, "त्याची इच्छा होती, बाबा." तो धीर मी आजवर खाली मान घालून घेत आलो.

माझी आई देवीपुढं कौल लावायची. बाप्तिस्म्याला चाळीस वर्षं झाली, तरी ती खोड माझ्यातून गेली नाही. पण हवा तो कौल मिळावा म्हणून आईनं कधी देवाचा हात धरला नाही. मी धरला. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी 'राहा'च लिहिलं होतं. मला एकटं राहायचं नव्हतं.

काल पुन्हा कागद फाडला. एकावर 'ये' लिहिलं. दुसऱ्यावर 'येऊ नको' लिहायला टाक टेकवला, आणि हातानं पुन्हा 'ये'च काढलं. दोन्ही चुलीत घातल्या. गुडघे टेकले, पण ज्याच्या नावानं खोटं बोललो, त्याच्यापुढं बोलू काय? त्याची इच्छा कुठली, माझी कुठली, मला आता ओळखू येत नाही.

तू न ओढलेली ती चिठ्ठी अजून स्तोत्रांतच होती. सोबत पाठवतो आहे. लीलाला त्यानं नेलं असं यापुढं म्हणू नकोस. तिला मी ठेवून घेतलं होतं.

ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. या खेपेला तुझं तूच त्याला विचार.

आशीर्वाद द्यायचा हक्क गमावलेला,
तुझा बाप
नारायण