शून्य क्रमांकाचं घर

२ मार्च, सोमवार

आज कामावर रुजू झाले. साठी उलटल्यावर नवी नोकरी, तीही जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची! ताई सकाळपासून हसतेय. म्हणाली, लोक या वयात गुडघे बदलून घेतात, तू डोकंच बदलून घेतलंस. भाच्यानं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर मी एकटीच धडपडत शिकले, त्यामुळे धाकधूक होती. पण जागा छान आहे. औषधाच्या दुकानावरचा मजला, तीन टेबलं आणि एक कुरकुरणारी खुर्ची. ती अर्थातच नव्या माणसाला, म्हणजे मला. खिडकीतून समोरच्या शिंप्याची वाकलेली पाठ दिसते. मालकीणबाई माझ्या भाचीएवढ्या, बोलायला लाघवी. शेजारी एक चष्मेवाले सहकारी बसतात. चाळिशीचे, मितभाषी, पण दुपारपर्यंत मला काकू म्हणायला लागले.

काम असं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमची छोटी यंत्रं असतात. कुणी चाललं, दार उघडलं, कुणी पडलं, की यंत्र तशी वर्दी देतं. तिला इव्हेंट म्हणायचं. वर्दी आली की क्लाउडवरचं, म्हणजे लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवरचं, फंक्शन नावाचं छोटं प्रोग्रॅम जागं होतं, गरज असेल तर नातेवाइकाला फोन लावतं आणि परत झोपतं. एरवी त्याचा मागमूस नाही. बोलावल्याशिवाय येत नाही, काम झाल्यावर रेंगाळत नाही. असे पाहुणे सगळ्यांना मिळोत.

४ मार्च, बुधवार

माझं पहिलं फंक्शन आज चालू झालं. आधी करून बघायचं म्हणून खोटी वर्दी पाठवायची होती. खऱ्या माणसाला खोटं खोटं पाडायला जीव होईना, म्हणून मनानंच एक घर बांधलं. क्रमांक शून्य. त्यात एकटे आजोबा ठेवले, स्वयंपाकघरात पाय घसरून पडलेले. फोनवर यंत्र बोलेल ते वाक्यही मीच लिहिलं: मी पडलोय, कुणी येता का? येणार असेल त्यानं फोनवर एक दाबायचं, म्हणजे वर्दी मिटते. नातेवाईक म्हणून आमच्याच घरचा नंबर घातला. ताई दिवसभर एकटी असते, राँग नंबरवाल्याशीसुद्धा पंधरा मिनिटं बोलते. तेवढीच तिला गंमत.

पडद्यावर हिरवी खूण आली, काम पूर्ण. घरी येऊन विचारलं तर ताई म्हणते फोन वाजलाच नाही. टीव्हीच्या आवाजात हिला काय ऐकू येणार! हिरवी खूण आली ना, मग झालं.

९ मार्च, सोमवार

तक्रारी आल्या. तीन-चार घरच्या माणसांना फोन गेले: मी पडलोय, कुणी येता का? धावत जाऊन बघतात तर वडील आरामात पेपर वाचतायत. एका सूनबाईंनी मालकीणबाईंना चांगलंच फैलावर घेतलं.

चष्मेवाल्यांनी माझा कोड वाचला आणि एका ओळीवर हळूच बोट ठेवलं. फोन लावायच्या ओळीत 'अवेट' लिहायला मी विसरले होते. म्हणजे फोन पुरा होईपर्यंत थांब, असं फंक्शनला सांगितलंच नव्हतं. त्यानं आजोबांचा फोन लावायला घेतला आणि तो लागायच्या आत हिरवी खूण देऊन झोपी गेलं. अर्धवट फोन तसाच गोठून राहिला. मग कुठल्याही घरी कुणी दार जरी उघडलं, तरी फंक्शन जागं होतं आणि तो जुना फोन राहिला तिथून पुढे सुरू होतो. जातो मात्र ज्या घरची वर्दी असेल तिकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चष्मेवाले म्हणाले, काकू, हे सगळ्यांचं होतं. शब्द घातला, नवं फंक्शन चढवलं. जीव भांड्यात पडला.

एक मात्र पटलं नाही. आमचं यंत्र बाईच्या आवाजात बोलतं. तक्रार करणारे सगळेच म्हणाले, कुणी म्हातारे गृहस्थ होते. धापा टाकत होते.

१० मार्च, मंगळवार

फोन थांबलेले नाहीत. आज एकाला ऐकू आलं: फरशी फार गार आहे. हे वाक्य मी लिहिलेलं नाही. चष्मेवाल्यांनी सगळा कोड चाळला, कुणीच लिहिलेलं नाही.

एका निवृत्त नर्सबाईंचा उलटा आम्हालाच फोन आला. त्यांच्या घरी आमचं यंत्र आहे, लेकीला उगाच त्रास नको म्हणून नंबर स्वतःचाच दिलेला. त्या रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. म्हणाल्या, कुणीतरी बिचारा पडलाय, मी येते म्हणून एक दाबलंय, आता पत्ता द्या. असं कुणी नाही हो, आमच्या यंत्राची चूक आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी आयुष्यभर कण्हणं ऐकलंय, खोटं कण्हणं मला कळतं.

११ मार्च, बुधवार

नर्सबाई घरात नाहीत. लेक आली होती, रडून रडून डोळे सुजलेले. दार आतून बंद होतं, कुलूपवाल्याला बोलावून उघडलं. गॅसवर दूध करपलेलं, चष्मा टेबलावर, चपला दाराशी. पोलीस येऊन गेले. आमच्या यंत्रानं शेवटची वर्दी दिलीय ती स्वयंपाकघरातली. नंतर काही नाही.

दुपारी चष्मेवाल्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. शून्य क्रमांकाच्या घरून वर्दी आली होती. तिथं यंत्र नाही. तिथं घरच नाही.

हालचाल, स्वयंपाकघर. माणसं दोन.

१२ मार्च, गुरुवार

शून्य क्रमांक पुसून टाकला. मालकीणबाईंनी फंक्शनच बंद केलं. तरी दुपारी वर्दी आली. माणसं तीन.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या गोठलेल्या फोनातला खरा नंबर आमचा आहे. मीच घातलाय. बाकीची घरं नुसती वाटेत लागली. तो फोन निघालाय तो ताईकडे.

तशीच उठून घरी आले. ताई ठीक आहे. फोनची वायर काढली, तिचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, इतका म्हातारा माणूस गार फरशीवर पडलाय आणि तू वायरी कसल्या काढतेस?

ती त्याच्याशी बोललीय. मी यायच्या आधीच.

येते म्हणाली का, असं विचारलं. म्हणाली, नाही गं, धाकटीला विचारून सांगते म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार

कामावर गेले नाही. ताईचा हात सोडत नाही. ती चिडलीय, लहान मुलीसारखं वागवतेस म्हणते. चष्मेवाल्यांचा निरोप आला, माणसं पाच.

वायर काढलेला फोन दुपारी वाजला. मी उचलला नाही. वाजत राहिला. ताई कानांवर हात ठेवून रडत होती, आजोबांच्या दयेपोटी. मी तिला धरून बसले. वाजायचा थांबला तेव्हा दोघी घामानं भिजलो होतो.

१४ मार्च, शनिवार

मी फक्त तोंड धुवायला गेले होते. नळ चालू होता, तेवढ्यात —

फोन टेबलावर, रिसीव्हर लोंबकळतोय. ताईच्या चपला दाराशी. दाराला आतून कडी.

ताई नाही.

नंतर —

फोन वाजला. उचलला. ताईच होती. आवाज लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा. ती म्हणाली, "अगं, इथं खूप माणसं आहेत. सगळे भिंती चाचपतायत. या घराला तू दारच ठेवलं नाहीस."

खरंय. स्वयंपाकघर लिहिलं, पडणं लिहिलं. दार लिहिलंच नाही मी.

तिला म्हटलं, हलू नकोस, मी करते. ती म्हणाली, "लवकर कर. आजोबा आता उठून बसलेत."

१४ मार्च, तोच दिवस

मालकीणबाईंना सांगितलं, फंक्शन चालू करा, का ते विचारू नका. त्यांनी केलं. देव त्यांचं भलं करो.

वर्दी लिहिली. घर शून्य. दार उघडलं. कुठं उघडतं तेही लिहावं लागतं — आमचं स्वयंपाकघर लिहिलं. दुसरं कुठलं लिहू? 'अवेट' घातलं, दोनदा बघितलं. सगळं पुरं होईस्तोवर थांबेल.

किती माणसं बाहेर येतील ते लिहिलं नाही. एकच, असं लिहायला हवं होतं. लिहिते म्हणेपर्यंत पाठवलं गेलं.

हिरवी खूण अजून नाही. म्हणजे चालू आहे.

स्वयंपाकघरात गारवा आलाय. ताईनं हाक मारली. ताईच आहे, शपथेवर ताई — म्हणते, दिवा लावू नकोस.

तिच्या मागून कुणीतरी धापा टाकत विचारतंय, हीच का ती, जिनं मला पा —