नंबराला जागा नसलेलं स्टिकर

बमरोली, सुरत
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाबा,

सप्रेम जयभीम. इकडे आई आणि मी बऱ्या आहोत. नरेंद्रकाका, काकू आणि कामरेजचे सगळे मजेत असतील. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय. भज्यांखालचा पेपरसुद्धा तुम्ही तेल पुसून शेवटपर्यंत वाचता, तेव्हा पत्र अर्धं टाकणार नाही, एवढी खात्री आहे. वाल्मिकची रिक्षा उद्या कामरेजला भाडं घेऊन येतेय, त्याच्या हाती देते.

आईची तब्येत चांगली आहे. "मी काही त्यांची वाट बघत नाही," असं तिने मला लिहायला सांगितलंय. भाजी चिरताना एकदा सांगितलं, कपडे वाळत घालताना एकदा, आणि आत्ता मी कागद घेऊन बसल्यावर पुन्हा.

त्या स्टिकरवरून पंडितकाकांशी भांडून तुम्ही गेटवरूनच गाडी वळवलीत, त्याला आज अकरा दिवस झाले. कामरेजहून सचिनच्या मिलपर्यंत रोज गाडी चालवून तुमची कंबर धरली असेल. पंडितकाका आता शटल रिक्षाने मिलला जातात. वीस वर्षं तुमच्या मागे बसून गेलेला माणूस. त्यांना ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसणं जमत नाही. रोज एक पाय बाहेर लोंबत असतो. त्यांच्या घरी सरलाकाकू सांगत होत्या, की मिलमध्ये तुम्ही दोघं अजून एकाच बाकावर डबा खाता, पण पाठीला पाठ लावून. बाबा, दुसरा बाक नव्हता का?

सोसायटीत स्टिकरचा घोळ चालूच आहे. स्टिकरशिवाय गाडी आत नाही, हा नियम काकांनी चेअरमन म्हणून केला तो सगळ्यांच्या सोयीसाठीच. बाहेरच्या गाड्या आपल्या जिन्यापर्यंत येत होत्या. आता त्या स्टिकरवर धम्मचक्र, ओम, चांदतारा आणि क्रूस अशी चार चिन्हं का आली आणि कोणी आणली, हा मुद्दा तसा गौण आहे. परिणाम बघा. सरलाकाकू म्हणाल्या, "ओम मडगार्डवर? चिखल उडतो, पाय लागतो," आणि त्यांनी स्टिकर फ्रिजवर लावलं. (त्यांच्याकडे गाडी नाहीच.) चौथ्या मजल्यावरच्या निंबाभाऊंनी कात्रीने कापून फक्त ओम ठेवला. वॉचमन मगन त्यांना म्हणाला, "पाव स्टिकर में पाव गाडी अंदर जाएगी. बोलो, कौन सा पहिया लाना है?" तळमजल्यावरचे रफीकचाचा टेलर फार भले. "संभालके रखा है, बेटा," म्हणाले. त्यांनी ते सीटच्या आत चिकटवलंय. रोज संध्याकाळी ते गेटवर सीट उघडून मगनला दाखवतात आणि मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत उभ्या असतात. आपल्याकडे ख्रिश्चन घर एकही नाही, पण जगाचा विचार करून क्रूसही घातला होता. परवा समोरच्या गल्लीतल्या प्रमिलाबाई तो क्रूस बघून नातवाला घेऊन आल्या आणि मगनला विचारायला लागल्या, डॉक्टर कितव्या मजल्यावर बसतात.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते. आपल्या सुरतेचीच आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी अकबर बादशहाची आत्या, गुलबदन बेगम, हजला निघाली. हजची जहाजं इथूनच सुटायची. पण समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता. त्यांच्या पोपने युरोपबाहेरची पृथ्वी दोन राजांना वाटून दिली होती, समुद्रासकट. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हलवायचं नाही, आणि त्या परवान्यावर येशू आणि मेरीचं चित्र! काही मौलवींनी तर सांगून टाकलं, की असला कागद जवळ बाळगून जावं लागत असेल तर हज सक्तीची नाही. एवढा मोठा बादशहा, त्याच्या घरची बाई, आणि सुरतेत जवळजवळ वर्षभर थांबून राहिली.

आईला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग घेतला का तिने कागद?"

"घेतला."

"बुडाली का?"

"नाही. मक्केला पोचली, तीन वर्षं राहिली, परत आली."

"मग सांग तुझ्या बापाला."

म्हणून सांगितली. पण खरं सांगायचं तर मला मौलवींचंही म्हणणं पटतं. आपण ज्याला मानत नाही, त्याची खूण आपल्या गाडीवर का लावावी? म्हणजे बाबा, तुम्ही सध्या सोळाव्या शतकातल्या मौलवींच्या बाजूला आहात. हे नरेंद्रकाकांना सांगू नका, ते विहारात सांगत सुटतील.

पुढे पोर्तुगीजांना हटवायला डच आणि इंग्रज आले. देव तोच, पंथ वेगळा, म्हणून वैर अजूनच जास्त. त्यांच्या सुरतेतल्या कबरी मी गेल्या महिन्यात बघून आले. आयुष्यभर आपलाच पंथ खरा म्हणणारे साहेब, आणि कबरींवर घुमट मात्र मोगलांसारखे! तिथे उभी असताना मला वाटलं, किती सोपं आहे हे. सगळ्यांचं थोडं थोडं एकत्र आणायचं, की झालं. अकबराच्या सर्व धर्मांशी सलोख्याच्या धोरणावर मला बी.ए.ला पंधरापैकी चौदा मार्क होते. बमरोलीतही तसा सलोखा आणायला फक्त

इथे मी अर्धा तास थांबले होते. पेन चालत नव्हतं असं लिहिणार होते, पण पेन चालतंय.

ते स्टिकर मी तयार केलंय, बाबा.

पंडितकाका दिवाळीनंतर माझ्याकडे आले होते. "पोरी, तुला कॉम्प्युटर येतो. सोसायटीचं नाव आणि गाडीचा नंबर, एवढंच काढ. मोठं काढ, मगनला लांबचं दिसत नाही." मी म्हटलं, "काका, माझ्यावर सोडा." तिसऱ्या दिवशी मी स्टिकर छापूनच घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "छान आहे. नंबर कुठे टाकायचा?" मी त्यांना सर्वधर्मसमभावावर वीस मिनिटं समजावलं. शेवटी दमून ते म्हणाले, "मागच्या बाजूला टाकू." मागच्या बाजूला गोंद असतो, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आणि मग तो रविवार. तुम्ही गेटवर गाडी आडवी लावून ओरडलात, "पंडित, वीस वर्षं माझ्या मागे बसलास, माझ्या तोंडून बावीस प्रतिज्ञा ऐकल्यास, आणि बुद्धाला देवांच्या रांगेत उभा केलास?" काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आईच्या मागे उभी असलेली मी त्यांना दिसले. त्यांनी तोंड मिटलं. "चूक मनी शे, भिवा," एवढंच म्हणून त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली. त्यावर तुम्ही जे बोललात ते चारही मजल्यांनी ऐकलं: "असली चूक अडाणी माणूसच करतो! माझ्या प्रज्ञाला विचारलं असतंस, तर तिने तुला शिकवलं असतं!"

बाबा, त्यांनी विचारलं होतं. मी शिकवलंही होतं.

तेव्हाच मी पुढे यायला हवं होतं. मी आईच्या पदरामागे सरकले. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले, तर ते म्हणाले, "भिवाले सांगू नको. माझ्यावर तो चिडेल आणि चार दिवसांत विसरेल. तुझ्यावर त्याला चिडता येत नाही, तो आजारीच पडेल." ते चार दिवस संपले, मग अजून चार, आणि मी रोज गेटवरून जाताना मगनची नजर चुकवायला लागले. त्याला तर काहीच माहीत नव्हतं.

तुम्ही ओरडाल ह्याची भीती कमी होती. माझ्या पदवीची लॅमिनेट केलेली झेरॉक्स तुम्ही मिलमधल्या लॉकरला आतून लावलीय, ती काढून टाकाल, ह्याची जास्त होती. काढायची असेल तर काढा. पण पंडितकाकांना अडाणी म्हणालात, तो शब्द परत घ्या. आठवीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाला एवढं कळत होतं, की गाडीच्या स्टिकरवर गाडीचा नंबर असावा. मी मात्र सगळे धर्म एका चौकटीत बसवले. कोणाला त्यात बसायचंय का, हे विचारायचं राहून गेलं. विचारायला लांब जायचीही गरज नव्हती, तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतात.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग आहे. तिथे उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे. मगन हसेल, निंबाभाऊ कात्री घेऊन आले तरी नवल नाही. नवीन स्टिकर छापलंय. सोसायटीचं नाव, तळहाताएवढा नंबर, बाकी कोरं. तुमचं पाकिटात ठेवलंय. लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

रविवारी सकाळी पंडितकाका आणि मी कामरेजला येतोय. ह्या पत्रात काय आहे, ते त्यांना माहीत नाही. दोन दिवस ते जिन्यात येरझाऱ्या घालत माफीची वाक्यं पाठ करतायत, आणि सरलाकाकू वरून चुका काढतायत. मीटिंगमध्ये मी सांगितल्यावरही ते थांबणार नाहीत, दारात पोचताच बोलायला लागतील. बाबा, त्यांना एकही वाक्य पुरं करू देऊ नका. ती माफी माझी आहे. ती मला मागायची आहे, तुमच्या दोघांसमोर, आणि पहिल्यांदा त्यांची.

त्यानंतर मला जे बोलायचं ते बोला. तुम्हाला सवय नाही, मलाही नाही, तेव्हा लागेल तेवढा वेळ घ्या.

रविवारी तुमचा राग घ्यायला येणारी,
तुमची
प्रज्ञा