किवीचा हार्नेस

ट्रॉय, मे २००६, रविवार संध्याकाळ

पोपट माझा. पिल्लू होता तेव्हा किवीला चमच्याने भरवलं ते मी. बाहेर नेताना उडून जाऊ नये म्हणून हार्नेस, म्हणजे डोक्यातून घालायचा पट्टा आणला, आठवडाभर दाणे दाखवून विनवण्या केल्या, तरी पट्टा डोक्याजवळ नेला की चावायचा. आणि आज सासूबाईंनी सहज घातला. म्हणाल्या, "अगं, रोज माझ्या मंगळसूत्रात डोकं घालून बसतो की तो."

भारतातून येऊन महिनासुद्धा झाला नाही यांना.

मी मंगळसूत्र घालतच नाही. मघाशी कपाटातून शोधून काढून घातलं. फक्त किवीसाठी. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंनी मात्र पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले.

आता काढू तरी कसं?